जुनी गाडी विकताना काय सांगायचं, काय लिहून द्यायचं

जाहिरात टाकण्याआधी सर्व्हिसची बिलं तारखेनुसार लावा. प्रत्येक बिलावर किलोमीटर छापलेले असतात. मीटर मागे फिरवला असेल तर तिथेच उघडं पडतं.

अपघात झाला असेल तर 'थोडं टचअप' म्हणू नका. कुठला दरवाजा बदलला, कुठे फक्त पेंट मारला, चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, मार होता का, ते नेमकं सांगा. जाणकार मेकॅनिक बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट बघतो. रंग उडालेला दिसला की ते उघडलेत हे त्याला कळतं. पुराचं पाणी तर लपतच नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की आतल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ सापडते, आणि वायरिंगच्या तक्रारी महिन्यांनंतरही निघतात. जाणूनबुजून दोष झाकणं हे करार कायदा, 1872 प्रमाणे फसवणुकीत मोडतं. म्हणून दोषांची यादी विक्रीच्या कागदावरच लिहा, दोघांच्या सह्या घ्या, तारखेसोबत ताबा दिल्याची वेळही टाका.

सीएनजी बाहेरून बसवला असेल तर आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, त्याची नोंद आणि सिलिंडरच्या हायड्रो टेस्टचा (दाब सहन होतो का त्या तपासणीचा) दाखला दाखवा. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 (कर्ज संपल्याची सूचना) घेऊन आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवा. ई-चलन भरून टाका, फास्टॅग बंद करा.

गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे फॉर्म 29 आणि 30 कोरे सही करून देण्याची पद्धत सर्रास आहे, आणि घातकही. घेणाऱ्याने ते जमा केलेच नाहीत तर आरसीवर नाव तुमचंच राहतं, आणि तोवर अपघाताच्या भरपाईची नोटीस तुमच्याच दारात येते.