प्रो मोड: फोनच्या हातून नेमकं काय काढून घ्यायचं?

प्रो मोडमध्ये, म्हणजे फोनच्या कॅमेऱ्याचे आकडे हाताने ठरवू देणाऱ्या मोडमध्ये, काढलेला पहिला फोटो बहुतेकांचा ऑटोपेक्षा वाईट येतो. आकाश पांढरंफटक, सावलीत दाणेच दाणे, रंग मलूल. मग मोड बंद होतो आणि परत कधी उघडला जात नाही. यात शिकणाऱ्याची चूक थोडी असते. ऑटोमध्ये एकदा बटण दाबलं की फोन पाच-दहा फोटो काढतो, ते एकावर एक बसवतो, आकाश एका फोटोतून आणि सावली दुसऱ्यातून घेतो, दाणे पुसतो आणि मग तुम्हाला दाखवतो. बऱ्याच फोनच्या प्रो मोडमध्ये ही सगळी मदत बंद किंवा कमी होते. तुम्हाला मिळतो एकच, जसा टिपला तसा फोटो.

त्यामुळे ‘प्रो म्हणजे जास्त चांगला’ हे आधी डोक्यातून काढा. भर दुपारी घरच्यांचा फोटो काढायचा असेल तर ऑटोच वापरा, ते काम ऑटो उत्तम करतं. प्रो मोड लागतो तो फोनचा एखादा निर्णय तुम्हाला पटत नसेल तेव्हा: तो पाणी गोठवतोय आणि तुम्हाला ते वाहतं हवंय, तो हळदीचा पिवळा मारतोय, तो काळोख उजळतोय. अशा वेळी तो एक निर्णय आपल्याकडे घ्यायचा, बाकीचे त्याच्याकडेच राहू द्यायचे. नवखा माणूस नेमका उलटं करतो, एकदम पाच पट्ट्या सरकवतो आणि मग बिघडलं कशानं तेच कळत नाही.

मोड शोधणं सोपं आहे. सॅमसंग, शाओमी, विवो, वनप्लस यांच्या कॅमेऱ्यात ‘प्रो’ असं लिहिलेलं असतं, फार तर ‘मोअर’मध्ये दडलेलं. आयफोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात शटर स्पीड हाताने बदलता येत नाही. तिथे हॅलाइडसारखं वेगळं ॲप घ्यावं लागतं. अँड्रॉइडवर प्रो मोड नसेलच तर ‘ओपन कॅमेरा’ हे फुकट ॲप आहे, पण त्यात किती पट्ट्या हलतील हे फोनच्या कंपनीने किती मोकळीक ठेवलीय त्यावर ठरतं.

आता मूळ हिशेब. मोठ्या कॅमेऱ्यात तीन गोष्टी फिरवता येतात: ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं भोक), शटर स्पीड, आयएसओ. फोनमध्ये ॲपर्चर जवळजवळ नेहमी पक्कं बसवलेलं असतं, मुख्य लेन्सचं साधारण एफ/१.८ च्या आसपास. (२०१८ च्या गॅलक्सी एस९ मध्ये एफ/१.५ आणि एफ/२.४ असे दोन टप्पे होते, पण असे फोन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.) म्हणजे उरल्या दोन गोष्टी. शटर म्हणजे प्रकाश किती वेळ आत घ्यायचा; १/१०० म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. आयएसओ म्हणजे आत आलेला प्रकाश किती पट वाढवून दाखवायचा. वेळ दुप्पट केला की फोटो दुप्पट उजळ, आयएसओ दुप्पट केला तरी तितकाच उजळ. १/१०० आणि आयएसओ ४०० ऐवजी १/५० आणि आयएसओ २०० ठेवलं तर उजेड तोच राहतो. फक्त दाणे कमी होतात आणि हलणारं जास्त फिसकटतं. सगळी ओढाताण या दोघांतली आहे.

एक आकडा पाठ असू द्या. निरभ्र दुपारच्या उन्हात, एफ/१.८ लेन्सवर, आयएसओ ५० असताना शटर सुमारे १/४००० लागतो. तिथून मोजत जाता येतं. ढगाळ दिवशी १/५०० ते १/१०००. संध्याकाळी घरातल्या ट्यूबलाइटखाली आयएसओ ४०० आणि १/५० च्या आसपास. हे सुरुवातीचे आकडे. पुढचं हिस्टोग्राम (फोटोत काळोख किती आणि उजेड किती ते दाखवणारा आलेख, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) पाहून ठरवा, स्क्रीन पाहून नाही. उन्हात स्क्रीन काळपट दिसते म्हणून माणूस फोटो उगाच उजळ करतो, रात्री तीच स्क्रीन झगझगते म्हणून फोटो अंधारा राहतो. हिस्टोग्रामचा डोंगर उजव्या भिंतीला चिकटून कापला गेला तर समजा, तिथला तपशील गेला. तो नंतर कुठल्याही ॲपने परत येत नाही.

घरातच सराव करायचा तर छताच्या पंख्याइतका चांगला मॉडेल नाही. दिवसा खिडकी सताड उघडा, पंखा पूर्ण वेगात ठेवा, आयएसओ ऑटोवर सोडा आणि फक्त शटर बदला. १/१००० ला पाती जवळजवळ थांबलेली दिसतील, टोकं थोडी पुसट. १/६० ला प्रत्येक पात्याचा हातपंख्यासारखा पसारा. १/१५ ला पाती नाहीतच, नुसती राखाडी तबकडी. प्रत्येक फोटोच्या माहितीत जाऊन फोनने आयएसओ किती घेतला ते बघा: १/१००० ला तो हजाराच्या वर गेलेला असेल, आणि झूम केल्यावर दाणेही तिथेच दिसतील. या तीन फोटोंतून जे कळतं ते व्याख्या वाचून कळत नाही.

यातच एक खाच आहे. शटर आणि आयएसओ दोन्ही हाताने लावले की ‘ईव्ही’ची, म्हणजे फोटो उजळ-अंधारा करायची, पट्टी बहुतेक फोनमध्ये मृत होते. ती सरकत नाही, नुसता आकडा दाखवते. ‘उणे १.३’ दिसलं तर फोनच्या मते फोटो तेवढा अंधारा आहे. ‘ईव्ही चालत नाही, फोन खराब आहे’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते. फोन ठीक असतो, तुम्ही दोन्ही लगाम हातात घेतल्यावर त्याने ओढायचं काय?

ट्यूबलाइटचे पट्टे

गणपतीच्या मंडपात, हॉलमधल्या लग्नात, नाटकाच्या तालमीत हमखास गाठ पडते ती या भानगडीशी. फोटोवर आडवे किंवा उभे काळे पट्टे येतात. कारण साधं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि दर आवर्तनात दिवा दोनदा उजळतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते कळत नाही. फोनचा सेन्सर मात्र सगळा फोटो एकदम टिपत नाही, ओळीमागून ओळ वाचत जातो. शटर १/५०० असेल तर काही ओळींच्या वाट्याला उजेड येतो, काहींच्या वाट्याला मधला अंधार. १/१०० ठेवलात तर प्रत्येक ओळीला नेमकी एक लुकलुक पूर्ण मिळते आणि पट्टे जातात. म्हणून घरात, मंडपात तीनच आकडे: १/१००, १/५०, १/२५. पट्टीवर नेमका आकडा नसेल तर जवळचा संथ आकडा घ्या. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मात्र वीज ६० हर्ट्झची, तिथे १/१२० आणि १/६०.

स्वस्तातल्या एलईडी माळा आणि स्टेजमागची एलईडी भिंत या हिशेबात बसत नाहीत, त्यांची लुकलुक वेगळीच असते. तिथे शटर हळूहळू संथ करत स्क्रीनवर पट्टे कधी विरतात ते बघणं, एवढाच उपाय. आरतीत टाळ वाजवणारे हात १/१०० ला थोडे फिसकटतील. फिसकटू द्या, पट्ट्यांपेक्षा ते बरं, आणि बऱ्याचदा छानही दिसतं.

हळद पिवळीच हवी

ऑटो व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे दिव्याच्या रंगाप्रमाणे फोटोतले रंग सावरणाऱ्या सोयीचा, समज असा की फोटोत सगळे रंग मिळून साधारण राखाडी व्हायला हवेत. हळदीच्या कार्यक्रमात समोर सगळंच पिवळं: साड्या, झेंडू, नवरीचे गाल. फोनला वाटतं दिवाच पिवळा आहे, आणि तो वरून निळा ओततो. हळद मातकट होते, चेहरे आजारी दिसतात. शिवाय पुढच्या फ्रेममध्ये पांढरा सदरा घातलेला कुणी आला की रंग पुन्हा बदलतो, आणि अल्बममध्ये शेजारशेजारचे फोटो दोन वेगळ्या दिवसांचे वाटतात.

व्हाइट बॅलन्सचा आकडा हाताने एकदा लावून सोडून द्या. तो केल्विनमध्ये असतो, म्हणजे उजेडाच्या रंगाच्या मापात: कमी केल्विनचा उजेड पिवळा, जास्तीचा निळा. उन्हात ५२०० ते ५५०० केल्विन, ढगाळ हवेत ६५००, गडद सावलीत ७००० च्या वर, पिवळ्या बल्बखाली २७०० ते ३०००. लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवाखाली मात्र कापडातून गाळून येणारा उजेडच रंगीत असतो. तिथे एक कोरा कागद नवरीच्या चेहऱ्याजवळ धरायला सांगा आणि तो स्क्रीनवर पांढरा दिसेपर्यंत पट्टी सरकवा. गोंधळ एकच होतो: मेणबत्तीचं केल्विन कमी आणि ती पिवळी, मग फोनमध्ये आकडा वाढवला की फोटो पिवळा का होतो? कारण तुम्ही फोनला सांगताय ‘समोरचा उजेड इतका निळा आहे’, आणि तो निळा मारायला पिवळा मिसळतो. पणत्यांच्या फोटोत तर पांढरं पांढरं करायच्या फंदात पडूच नका. ३०००–३५०० वर ठेवा, उजेड पणतीचाच वाटला पाहिजे. आयएसओ ८००, शटर १/३०, कोपर भिंतीला टेकवून. चेहरा नीट येईल, ज्योत पांढरी उडेल; दोन्ही एका फोटोत मिळणार नाही.

फोकसबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हाताने लावताना कडांवर रंगीत रेघ दाखवणारं ‘पीकिंग’ चालू ठेवा. पट्टीच्या टोकाला डोंगराचं चित्र असतं ते अनंत अंतर, पण काही फोनमध्ये नेमकं अनंत टोकाच्या किंचित अलीकडे असतं. दूरचा एखादा दिवा झूम करून तपासा. तो सगळ्यात बारीक ठिपका दिसला की तिथेच सोडा.

धबधबा आणि काळी काच

पावसाळ्यात दुधासारखं पाणी हवं असतं सगळ्यांना. त्यासाठी शटर १/४ सेकंद ते १ सेकंद लागतो. पण ॲपर्चर लहान करता येत नाही, बहुतेक फोनमध्ये आयएसओ ५० च्या खाली जात नाही, आणि ढगाळ दिवशी त्या आयएसओला १/६०० च्या आसपासच फोटो पुरेसा उजळ होतो. तिथे अर्धा सेकंद ठेवलात तर कोरा पांढरा कागद मिळेल. म्हणून लेन्सपुढे एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश अडवणारी काळी काच. एनडी८ प्रकाश आठव्या हिश्श्यावर आणतो, एनडी६४ चौसष्टाव्या. झाडीतल्या ओढ्यावर आयएसओ ५० ला १/८० मिळत असेल तर एनडी६४ ने ते ०.८ सेकंद होतं, बरोबर हवं तेवढं. उघड्या कड्यावरच्या धबधब्याला तीच काच १/१० च देईल. चिमट्याने लावायचा फिल्टर घेताना तो नेमक्या त्याच लेन्सवर बसतो का ते बघा. तीन लेन्सच्या फोनमध्ये चुकीच्या लेन्सवर काच लावून माणसं कोरडी परततात. ट्रायपॉड हवाच, आणि २ सेकंदांचा टायमर, कारण बटण दाबतानाही फोन हलतो.

आतषबाजीचंही असंच. ठिणगीची रेघ किती उजळ येणार हे शटरवर ठरतच नाही, कारण ठिणगी एका जागी थांबत नाही. ते ठरतं ॲपर्चर आणि आयएसओवर. शटर फक्त रेघेची लांबी आणि आकाशाचा काळोख ठरवतो. म्हणून आयएसओ ५०, २ ते ४ सेकंद, आणि रेघा पांढऱ्याच येत असतील तर इथेही एनडी८.

काजवे

हाच नियम काजव्यांना उलट्या बाजूने लागू होतो, आणि प्रो मोडची खरी परीक्षा तिथे होते. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, मोठा पाऊस बसायच्या आधी, भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीच्या परिसरात झाडंच्या झाडं लुकलुकतात. काजव्याची चमक क्षणभराची. शटर लांबवून ती उजळ होत नाही, नुसत्या चमका जास्त जमा होतात. उजळ हवी तर आयएसओ वाढवायला लागतो: ८०० ते १६००, शटर १५ ते २० सेकंद.

अंधार पडायच्या आत पोचा. उजेड असतानाच झाड निवडा, ट्रायपॉड रोवा, फोकस हाताने लावा आणि त्यानंतर फोनला हात लावू नका. संधिप्रकाशात आयएसओ १०० वर झाडाच्या आकाराचा एक फोटो काढून ठेवा. काळोख झाला की त्याच जागेवरून २०–३० फोटो. नंतर स्नॅपसीडच्या ‘डबल एक्स्पोजर’मध्ये ‘लाइटन’ निवडून एकावर एक बसवत जा. त्यात प्रत्येक जागेचा उजळ ठिपकाच टिकतो.

शक्य असेल तर रॉ, म्हणजे फोनने न सावरलेली मूळ फाइल, चालू ठेवा. १२ मेगापिक्सेलची अशी एक रॉ (डीएनजी) फाइल २०–२५ एमबीपर्यंत जाते, तेव्हा निघण्याआधी जागा रिकामी करा. लांब शटरमध्ये सेन्सर तापतो आणि लाल-हिरवे ठिपके उमटतात, ते काजव्यांत मिसळून जातात. ओळखायची खूण अशी की ते प्रत्येक फोटोत तंतोतंत त्याच जागी असतात. शेवटी लेन्सवर हात ठेवून तसाच एक फोटो घ्या. त्यात जे दिसेल ते काजवे नव्हेत.

टॉर्च आणि फ्लॅश बंद. नर काजवा मादीला बोलवायला चमकतो, तुमच्या उजेडात ती खूण विरून जाते. स्क्रीन सगळ्यात कमी उजेडावर आणा आणि वर रुमाल टाका. टिपायला वायरवाल्या इअरफोनचं आवाजाचं बटण चालतं. आणि निघताना आयएसओ आणि शटर दोन्ही ऑटोवर परत टाका. बरेच फोन जुने आकडे लक्षात ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धरणावरचे सगळे फोटो कोरे पांढरे येतात ते त्यामुळेच.