रिकामे रकाने: आरोग्य व्यवस्थेवर संशोधन करू पाहणाऱ्या नव्या मंडळींसाठी

नागपुरात एमएसडब्ल्यू झाल्यावर मला एका संशोधन प्रकल्पात क्षेत्र अन्वेषक म्हणून काम मिळालं. पहिलं काम साधं वाटलं: जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं आणि बीपीच्या रुग्णांची कार्डं पाहायची. पुठ्ठ्याची पिवळट कार्डं, दर महिन्याला एक रकाना. जून-जुलैचे रकाने भरलेले. ऑक्टोबरपासून मात्र कार्डामागून कार्ड रिकामं. कारण विचारलं, तर उत्तर तयार होतं: "पेशंटच निष्काळजी आहेत, मॅडम."

मी ते वहीत लिहून घेतलं, खरंही मानलं. पुढची तीन वर्षं ते वाक्य खोडण्यात गेली. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांनी मला विचारलं की सुरुवात कुठून करू, तर मी त्या रिकाम्या रकान्यांचीच गोष्ट सांगते.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या: कोणता दवाखाना कोणाच्या हाताखाली आहे. पुस्तकात पिरॅमिड दिलेला असतो. सपाट भागात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी व डोंगराळ भागात हेच आकडे ३,००० आणि २०,०००. साधारण हजार लोकांमागे एक आशा, म्हणजे गावातलीच आरोग्य कार्यकर्ती. हे पाठ होतं. पण उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, शहरातले दवाखाने महापालिकेकडे, मेडिकल आणि मेयो ही नागपुरातली दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, आणि नागपूरच्याच मिहान भागातलं एम्स थेट केंद्र सरकारकडे, हे कोणी फळ्यावर काढून दाखवत नाही. गावातल्या बाईला मेडिकलला पाठवलं की ती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते. तिची चिठ्ठी जाते, पण तिकडे काय उपचार झाले ते आशाला कळवणारी वाट बहुतेक वेळा नसते. हे समजेपर्यंत मी चुकीच्या कार्यालयांत अर्ज देत फिरले.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली आरोग्य व्यवस्थेचे सहा घटक मांडले: सेवा, मनुष्यबळ, माहिती, औषधं, पैसा आणि कारभार. परीक्षेसाठी ते सगळे पाठ करतात. मला ते उपयोगी पडले कार्ड हातात घेतल्यावर. रकाना रिकामा आहे, मग या सहांपैकी नक्की कुठे पाणी मुरतंय?

मी घरोघर गेले आणि पहिलीच मोठी चूक केली. सोबत केंद्रातल्या कर्मचारी ताई होत्या. त्यांच्यासमोर प्रत्येक घरात एकच उत्तर मिळालं: "सगळं चांगलं आहे." दहाएक घरं अशी वाया गेली. तुम्ही हे टाळा. घर दाखवायला आशाताईंची मदत जरूर घ्या, त्यांच्याशिवाय पानही हलत नाही, पण मुलाखतीच्या वेळी तुम्ही आणि समोरचा माणूस एवढेच असा. दुसऱ्या फेरीत मी एकटी गेले. एक आजी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "धा दिवसाच्या गोया देते, माय. मंग पुन्हा जा लागते. वेचणीचे दिवस हायेत, रोजी कोन देईन?"

कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. दहा दिवसांच्या गोळ्यांसाठी एक दिवस मोडायचा, म्हणजे महिन्यात तीन दिवसांची रोजी बुडणार. आजींचा हिशेब चोख होता.

मग मी औषधाच्या खिडकीवर गेले. तिथल्या औषधनिर्माण अधिकाऱ्यांनी शांतपणे समजावलं. वर्षाची मागणी मागच्या वर्षीच्या खपावरून ठरते. मागच्या वर्षी खप कमी, म्हणून यंदा गोळ्या कमी आल्या. कमी आल्या म्हणून त्या पुरवून पुरवून, दहा-दहा दिवसांच्या द्यायच्या. दहा दिवसांच्या दिल्या की वेचणीत लोक येत नाहीत. लोक आले नाहीत की खप कमी. त्यांनी बोटाने टेबलावर गोल काढला आणि तिथेच थांबले. त्या गोलात कोणीही निष्काळजी नव्हतं. आजी नव्हत्या, खिडकीवरचा माणूस नव्हता, डॉक्टरही नव्हते. आरोग्य व्यवस्था म्हणजे काय हे मला त्या टेबलावर कळलं.

आता प्रश्न कसा मांडायचा, याबद्दल. नवी मुलं येतात ती "ग्रामीण भागातील उच्च रक्तदाबाचा अभ्यास" असे विषय घेऊन. यातून काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी असं विचारा: या केंद्रात नोंदवलेल्या रुग्णांपैकी किती जणांचा शेवटच्या भेटीतला बीपी १४०/९० च्या खाली होता, आणि किती जण आलेच नाहीत? छेद, म्हणजे एकूण कोणाकोणाला धरून टक्केवारी काढायची, ते आधी ठरवा. जे आले त्यांच्यातलेच मोजले तर केंद्राचं चित्र छान दिसतं, कारण न येणारे हिशेबातूनच गळतात. नोंदवलेले सगळे धरले की खरं दिसतं. माझ्या मते निम्मं संशोधन या एका निवडीत असतं. पुढचं साध्या एक्सेलमध्ये होतं.

विदर्भात काम करणाऱ्याने गडचिरोलीचं उदाहरण नीट वाचावं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे नागपूरच्या मेडिकलचेच विद्यार्थी. त्यांनी गावातल्या स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांत हे केलं आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापलं गेलं, आणि २०११ पासून देशभरातल्या आशा बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाऊ लागल्या. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती तुलनेची गावं. ती नसती तर "सुधारणा आपोआपच झाली असती" म्हणायला कोणीही मोकळं राहिलं असतं.

शिकायचे रस्ते बरेच आहेत. एमबीबीएसचे विद्यार्थी असाल तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) दोन महिन्यांची विद्यार्थी संशोधन योजना जरूर पाहा. एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी करायची तर मुंबईचं टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस किंवा तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र. नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर 'सॉर्ट-इट' नावाचं प्रशिक्षण आहे. ते कार्यक्रमातल्याच आकड्यांवर शोधनिबंध पूर्ण करून घेतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे जिल्हानिहाय आकडे फुकट मिळतात, आजच उघडून बसा. नैतिकता समितीची परवानगी मात्र आधी घ्या, काम सुरू झाल्यावर नाही. आणि संमतीपत्र वाचून दाखवताना घाई करू नका. ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा म्हणजे होकार नव्हे, त्याला समजलं का ते पुन्हा विचारा.

आम्ही अहवाल नंतर लिहिला. आधी मराठीत अर्धं पान लिहिलं आणि मासिक सभेत वाचलं. वर टेबलावरचा तोच गोल काढला होता. त्यात नाव कोणाचंच नव्हतं, म्हणून कोणी अंगावर आलं नाही. तालुका अधिकाऱ्यांनी विचारलं, मागणी खपावरून न करता नोंदवलेल्या रुग्णांवरून केली तर? खिडकीवरच्या सरांनी तिथेच हिशेब मांडला: रुग्ण, गुणिले रोजची गोळी, गुणिले दिवस. पुढच्या हंगामापासून तीस दिवसांच्या गोळ्या सुरू झाल्या.

हिवाळ्यात मी पुन्हा कार्डं चाळायला गेले. आजींचे ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर भरलेले होते. जानेवारी रिकामा. आशाताईंना विचारलं तर म्हणाल्या, आजी नातीच्या बाळंतपणाला दुसऱ्या तालुक्यात गेल्या आहेत, आणि तिथल्या केंद्राने सांगितलं की हे कार्ड आमच्याकडे चालत नाही. मी वहीचं नवं पान उघडलं आणि वर तारीख घातली.