ज्येष्ठांची क्षमता मोजायची, तर आधी खुर्ची बघा

साठीपुढच्या माणसांच्या शारीरिक क्षमतेच्या चाचण्यांचं शिबिर भरवायचं असेल, तर तारीख ठरवताना पंचांग उघडा आणि एकादशी टाळा. आपल्याकडे पंढरपूर जवळ, उपास करणारे पुष्कळ, आणि उपाशी माणसाला उठबशा काढायला लावणं बरं नाही. सोलापूरचा एप्रिल-मे तर विसराच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा, त्यातही सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचे दिवस सोडून. निरोप देताना स्पष्ट सांगा की ही रक्ताची तपासणी नाही, तासभर आधी हलकं खाऊन या आणि नेहमीच्या गोळ्या घेऊनच या. नाहीतर मधुमेहाची माणसं 'फास्टिंग' म्हणून कोरड्या तोंडानं येऊन बसतात.

आता खुर्ची. हॉलमधल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या यासाठी चालणार नाहीत: हात असलेल्या, फरशीवर सरकणाऱ्या. बिनहाताची, सरळ पाठीची, बसायची जागा जमिनीपासून ४३ सेंटिमीटरवर असलेली लाकडी किंवा लोखंडी खुर्ची शोधा आणि ती भिंतीला टेकवून ठेवा. उंची टेपनं मोजा, अंदाजानं नको. खुर्ची दोन बोटं उंच असली तरी उठणं सोपं होतं आणि आकडा फुगतो. हात छातीवर घडी, ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून किती वेळा उठता येतं ते मोजायचं. मांडीवर हात टेकून उठले तर नियमानं गुण शून्य. इथं मोजणाऱ्याला भीड पडते, म्हणून नात्यातल्या माणसाला या टेबलावर बसवू नका.

दंडाच्या ताकदीच्या चाचणीत उचलायला बायकांना २.२७ किलोचं डंबेल, पुरुषांना ३.६३ किलोचं. नाही मिळालं तर तेवढ्याच वजनाची वाळूची पिशवी शिवून घ्या, पण दर वेळी तीच वापरा. पुढची चाचणी चपळाईची: खुर्चीपासून २.४४ मीटरवर शंकू ठेवा. उठून, त्याला वळसा घालून परत बसायचं. स्टॉपवॉच 'चला' म्हणताच सुरू करायचं, माणूस हलल्यावर नाही. दोनदा करून घ्या, चांगली वेळ लिहा. काठी घेऊन चालले तर चालू द्या, मात्र तशी नोंद करा. बाजूला एक धडधाकट माणूस उभा हवाच.

सहा मिनिटं चालण्याची चाचणी मला आवडते, पण त्यासाठी साधारण ४६ मीटर घेराचा सपाट मार्ग आणि सावली लागते. ती नसेल तर जागच्या जागी दोन मिनिटं गुडघे उचलण्याची चाचणी घ्या. गुडघ्याची वाटी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध येईल त्या उंचीवर भिंतीला चिकटपट्टी लावा आणि फक्त उजवा गुडघा मोजा. नऊवारीत हे सहज जमतं, पाचवारीत पाय अडकतो. त्यासाठी आधीच सांगून ठेवा. चपला घसरतात, मागून पट्टा असलेलं काहीतरी घालून यायला सांगा. लवचिकतेच्या दोन्ही चाचण्यांना (खुर्चीत बसून पायाच्या बोटांकडे वाकणं आणि पाठीमागे दोन हात जुळवणं) एक फूटपट्टी पुरते. हाडं ठिसूळ झालेल्यांना वाकायला लावू नका.

दाराशीच रक्तदाब मोजणारं टेबल. १६०/१०० च्या वर असेल, छातीत दुखत असेल किंवा डॉक्टरांनी व्यायाम बंद केला असेल, तर चाचणी न घेता डॉक्टरांकडे पाठवा. १०८ नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. सोलापूरच्या पूर्व भागात शिबिर असेल तर तेलुगू बोलणारा स्वयंसेवक घ्या. आयुष्यभर यंत्रमागाच्या खडखडाटात राहिलेल्या माणसाला ऐकू कमी येतं. त्यामुळे नुसतं सांगू नका, करून दाखवा.

कागदावर वय नीट लिहा, कारण कोणत्या वयाला किती आकडा यावा हे सांगणारे तक्ते ६० पासून पाच-पाच वर्षांच्या गटांचे आहेत. आधारवर १ जानेवारी दिसली तर घरच्यांना विचारा. शिवाय या चाचण्या तयार करणाऱ्या रिक्ली आणि जोन्स यांचे हे तक्ते सात हजारांवर अमेरिकन ज्येष्ठांवर बेतलेले. आपल्या बीडी वळणाऱ्या आजींना त्यावरून नापास ठरवण्यात अर्थ नाही. आजचा आकडा आणि सहा महिन्यांनंतरचा आकडा शेजारी ठेवायचा. म्हणून कागदाच्या दोन प्रती काढा, एक त्यांच्या हातात द्या, आणि पुढच्या वेळी तीच खुर्ची सापडावी म्हणून तिच्या पायावर खडूनं नाही, ऑइलपेंटनं खूण करा.