उन्हाळ्यात कोकण किनाऱ्याने बाईकपॅकिंग: काय घ्यायचं आणि सायकलवर कसं बांधायचं

सुट्टीत सायकलवर सामान बांधून अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, हर्णे, गुहागर करत गणपतीपुळ्यापर्यंत जायचं असं ठरलं की बहुतेक जण आधी बॅगा शोधायला लागतात. बॅगा शेवटी बघा. एप्रिल-मे महिन्यात या रस्त्यावर सगळ्यात आधी ठरवायचं ते पाणी किती न्यायचं आणि दुपार कुठे काढायची, हे दोन ठरलं की बाकीचं सामान आपोआप कमी होत जातं.

१. आधी रस्ता आणि दिवसाचं वेळापत्रक

नकाशात किनाऱ्याचा रस्ता सपाट वाटतो पण तसा तो नाहीये. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या, उतरलं की थोड्याच वेळात चढ सुरू, आणि चढून वर आलं की समोर सडा. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, झाड नाही सावली नाही, खालून दगड तापलेला. म्हणजे दर खाडीमागे एक चढ धरा आणि प्रत्येक जास्तीचा किलो त्या चढावर पायाला कळतो.

पारा 34-35 च दाखवतोय म्हणून निवांत राहू नका. हवा दमट असते, घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. हवामान खातंसुद्धा उष्णतेच्या लाटेचा विचार सपाट प्रदेशात 40 अंशांपासून करतं पण किनारपट्टीला 37 पासूनच करतं, ते याचसाठी. त्यामुळे पहाटे साडेपाचला निघायचं, साडेदहा-अकराला थांबायचं, चारनंतर परत निघायचं. या वेळापत्रकात पुढचा आणि मागचा लाईट, दोन्ही लागतातच, आणि दुपारी पडायला काहीतरी हलकं लागतं.

२. पाणी

निदान 3 लिटर बसेल अशी सोय करा. फ्रेमला दोन मोठ्या बाटल्या आणि दीड लिटरची घडी होणारी पिशवी फ्रेम बॅगमधे (फ्रेमच्या त्रिकोणात बसणारी बॅग), ती सड्यावर चढायच्या आधी भरायची आणि एरवी रिकामी ठेवायची, कारण एक लिटर म्हणजे एक किलो. एका बाटलीत नेहमी साधं पाणी असू द्या, ते डोक्यावर मानेवर ओतायला पण होतं. दुसरीत ओआरएस. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर ते एक लिटरमधेच घालायचं, अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट ओतून घट्ट करू नका. पाकीट संपलं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. कोकम सरबत, नारळपाणी वाटेत मिळतंच, जरूर प्या, पण ते मिळेलच या भरवशावर बाटली रिकामी घेऊन चढ चढू नका.

आणि एक, मे महिन्यात सड्यावरच्या बऱ्याच वाड्यांना टँकरचं पाणी असतं. कुणाच्याही दारात पाणी मागितलं तर नाही म्हणत नाहीत, म्हणूनच आपण प्यायपुरतं घ्यायचं, सायकल धुवायला मागायचं नाही.

सोबत्याला चक्कर यायला लागली, असंबद्ध बोलायला लागला, किंवा अंग तापलंय आणि घाम थांबलाय असं दिसलं तर तिथेच थांबा, सावलीत न्या, अंग ओलं करून वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

३. झोपायचं सामान

स्लीपिंग बॅग घरीच. रात्री पण घाम येतो तिथे. एक पातळ सुती चादर, एक पंचा, फुगवायची उशी हवी असेल तर ती. रोज घरगुती खोलीत राहणार असाल तर यापलीकडे काही नको. बाहेर झोपायचं असेल तर मच्छरदाणी पाहिजेच, म्हणजे टेंटचा नुसता जाळीचा भाग किंवा जाळीवाला हॅमॉक. हॅमॉक सुरूच्या बनात छान लागतो, नारळाखाली मात्र चुकूनही बांधू नका, वरून नारळ किंवा झावळी कधी पडेल सांगता येत नाही. पुळणीवर टेंट लावायचा तर गावात कुणालातरी विचारा की भरतीचं पाणी कुठपर्यंत येतं. रत्नागिरी भागात फुरशी (छोटे विषारी साप) भरपूर आहेत, जांभ्याच्या दगडात दिसत पण नाहीत, म्हणून हेडटॉर्च हाताशी आणि सकाळी बूट झटकूनच पाय घालायचा.

दुपारी देवळाच्या सभामंडपात विचारून आडवं होता येतं, तेवढ्यासाठी चादर वरच ठेवा.

४. कपडे

फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे पातळ टीशर्ट दोन, पॅडवाल्या शॉर्ट्स दोन, संध्याकाळची एक हाफ पँट, चपला. एक जोडी अंगावर, एक धुतलेली. दमट हवेत रात्रीत वाळेलच असं नाही, त्यामुळे जाड कापड नकोच. ओल्या शॉर्ट्स घालून निघालात की मांड्या घासून सोलतात आणि मग ट्रिप तिथेच संपते, व्हॅसलीनची छोटी डबी याच कारणासाठी. हेल्मेटखाली पातळ टोपी, मानेवर ओला पंचा, सनस्क्रीन दर दोन तासांनी.

५. दुरुस्तीचं सामान

यात काटकसर करू नका. दोन ट्यूब, पॅच, सोल्युशनची न उघडलेली ट्यूब (उघडलेली उन्हात वाळून जाते), टायर लिव्हर, छोटा पंप, चेन टूल असलेला मल्टिटूल, चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), तुमच्याच फ्रेमचा गियर हँगर (मागचा गियर फ्रेमला धरणारा तुकडा), झिप टाय. गियर हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, दापोलीत काय पुण्यात पण पटकन मिळत नाही. आणि ट्यूबला प्रेस्टा (बारीक, लांब) व्हॉल्व्ह असेल तर पितळेचा तो बोटाच्या पेराएवढा अडॅप्टर, तो असला की गावातल्या कुठल्याही मोटरसायकल पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते.

चेनला ड्राय ल्यूब (सुकून बसणारं वंगण) वापरा, ओलं राहणाऱ्या वेट ल्यूबवर जांभ्याची लाल धूळ चिकटते आणि चेन पॉलिश पेपरसारखी दात घासत बसते. रोज संध्याकाळी फडक्याने पुसून एक हात ल्यूबचा. ओल्या वाळूत सायकल चालवायचा मोह होतो, पण खारं पाणी चेनला लागलं की गंज आलाच.

६. खाणं, पैसे, बॅटरी

स्टोव्ह नको. सकाळी घावणे, दुपारी खानावळ, सगळं मिळतं, फक्त दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात आणि खानावळीत आधी फोन करून सांगितलेलं बरं. हाताशी खजूर, भाजलेले शेंगदाणे, केळी. चॉकलेट वितळतं. रोख पैसे सुटे घ्या, काही ठिकाणी नेटवर्कच नसतं. पॉवर बँक 10000 mAh ची पुरते, ती आणि मोबाईल थेट उन्हात ठेवू नका, हँडलवर लावलेला मोबाईल तापून बंद पडतो, म्हणून नकाशा ऑफलाईन घेऊन पुढची दोन-तीन वळणं लक्षात ठेवा.

७. आता बॅगा आणि भरणं

सगळं जमिनीवर मांडा. वजन करा. पाणी-खाणं सोडून बॅगांसकट 6 ते 7 किलोत बसलं पाहिजे, बसत नसेल तर कपडे आणि "लागलं तर" वाल्या वस्तू काढा.

जड ते फ्रेम बॅगमधे आणि खाली: टूल, ट्यूब, पॉवर बँक, पाण्याची पिशवी. हँडलबार रोलमधे (हँडलला पुढे आडवी बांधायची गुंडाळी) हलकं पण जागा खाणारं, चादर आणि मच्छरदाणी, आणि बांधल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा ब्रेकची केबल दबत नाहीये ना. सीट पॅकमधे (सीटमागे लटकणारी लांब बॅग) कपडे, त्यातलं जड सीटपोस्टकडे आणि हलकं शेपटीकडे, उलटं भरलं की प्रत्येक पेडलला मागची बॅग डोलते. टॉप ट्यूबवर (फ्रेमची वरची नळी) छोट्या बॅगेत खाणं, पैसे, सनस्क्रीन.

उंची कमी असेल, फ्रेम स्मॉल असेल तर 14-16 लिटरचा सीट पॅक मागच्या टायरला घासायची शक्यता खूप, विशेषतः 29 इंची चाकावर. विकत घ्यायच्या आधी सीट आणि टायरमधलं अंतर मोजाच. जागा नसेल तर सरळ कॅरियर लावा आणि त्यावर ड्राय बॅग (पाणी आत न जाणारी) आडवी बांधा, त्यात काहीही कमीपणा नाही, उलट चढावर डोलत नाही. महागडे स्ट्रॅप नसतील तर पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून घ्या, त्या घट्ट धरतात आणि उरलेली पट्टी पण कामाला येते.

मे असेल तर कपडे आणि बॅटरी ड्राय बॅगमधे किंवा जाड प्लॅस्टिक पिशवीत. मान्सून केरळात साधारण 1 जूनला आणि मुंबईत 11 जूनच्या आसपास येतो, पण वळीव त्याच्या आधीच कुठल्याही संध्याकाळी गाठतो. बॅगा जिथे फ्रेमला टेकतात तिथे पारदर्शक टेप लावा, नाहीतर घासून रंग जातो.

८. निघायच्या आधीच्या रविवारी

सगळं सामान बांधून, बाटल्या भरून, चढ असलेल्या रस्त्यावर 40-50 किलोमीटर जाऊन या. पहिल्या दहा किलोमीटरनंतर थांबून सगळे पट्टे परत ओढा, सामान बसतं आणि पट्टे सैल होतात. घरी आल्यावर, जी वस्तू काढायला सारखं थांबावं लागलं ती टॉप ट्यूबवर आणा. रत्नागिरीहून रेल्वेने परत यायचं असेल तर सायकल पार्सल ऑफिसला बुक करावी लागते, तेव्हा सगळ्या बॅगा काढून एकत्र टाकायला एक घडीची मोठी पिशवी सीट पॅकच्या तळाशी ठेवून द्या.