नफ्सचं (आपल्या आतल्या हव्यासाचं) ऐकायचं की अकलेचं? मोह आला की नेमकं काय करायचं

आधी एक गैरसमज काढून टाका, की इस्लाम म्हणजे सगळ्या इच्छा मारून बसायचं. तसं नाहीये. कुराणातल्या सूरह (अध्याय) कससमध्ये (आयत म्हणजे ओळ ७७) श्रीमंतीने फुगलेल्या कारूनला त्याचेच लोक सांगतात की आखिरतचं, म्हणजे मरणानंतरचं, घर कमव पण दुनियेतला तुझा वाटा विसरू नकोस. पैगंबर साहेबांचे साथीदार अबू दरदा दिवसभर रोजे आणि रात्रभर नमाज करायला लागले तेव्हा दुसरे साथीदार सलमान फारसींनी त्यांना अडवलं, म्हणाले तुझ्या रबचा (अल्लाहचा) तुझ्यावर हक्क आहे, तुझ्या जिवाचा आहे, घरच्यांचाही आहे, आणि पैगंबर साहेबांनी ऐकल्यावर सलमान खरं बोलला म्हणून सांगितलं. म्हणजे गाडी, घर, चांगलं खाणंपिणं यात वाईट काही नाही, प्रश्न एवढाच आहे की ठरवतंय कोण. सूरह जासियाच्या २३व्या आयतमध्ये अशा माणसाचा उल्लेख आहे ज्याने आपल्या इच्छेलाच खुदा करून टाकलं, आणि भांडण त्याच्याशी आहे.

आता खरी गोची कुठे होते ते सांगतो. आपल्याला वाटतं नफ्स म्हणजे काहीतरी आरडाओरडा करणारं, ओळखू येईल असं. येत नाही! इमाम गझालींनी (हे मोठे इस्लामी विद्वान, बगदादच्या निजामिया मदरशात शिकवायचे, १०९५ मध्ये ती मोठी नोकरी सोडून निघून गेले) लिहून ठेवलंय की बहुतेक लोकांची अक्कल वासनेची चाकर झालेली असते, इच्छा पूर्ण कशी करायची याच्या युक्त्या शोधून देते. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं असं माझं मत आहे.

उदाहरण घ्या. सध्याची गाडी नीट चालतेय, पण नाशिकच्या कॉलेज रोडला मित्राची नवीन एसयूव्ही बघितली आणि घरी येईपर्यंत डोक्यात यादी तयार, रिसेल चांगली मिळेल, पावसाळ्यात त्र्यंबक रोडला बरी पडेल, अम्मीला गुडघ्यामुळे चढायला उतरायला सोपं, ईएमआय काय निघून जाईल. यातलं एकही कारण खोटं नाही, मजा तिथेच आहे. म्हणून पहिलं काम हे करा की कारणं कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे लिहा की हे गाडी बघायच्या आधी सुचलं होतं का नंतर. अम्मीचे गुडघे चार वर्षांपासून दुखतायत आणि तुम्हाला ते आज आठवले, तर ते कारण अम्मीचं नाही हो. (आणि ईएमआय व्याजाची असेल तर तो वेगळाच मुद्दा, तिथे पसंत-नापसंतीचा प्रश्नच येत नाही, रिबा (व्याज) हराम आहे, जाणकार आलिमला (धर्माच्या अभ्यासकाला) विचारा.)

दुसरी चाचणी त्याहून सोपी. सहीह मुस्लिम या संग्रहात हदीस (पैगंबर साहेबांचं वचन) आहे की गुनाह म्हणजे जे तुझ्या मनात खटकतं आणि लोकांना कळू नये असं तुला वाटतं. तर बघा, बिल कुणापासून लपवावंसं वाटतंय? बायकोने विचारलं "अहो, केवढ्याला पडलं?" की आकडा आपोआप कमी होतो का? होत असेल तर थांबा.

तिसरं म्हणजे तोलायला शिका, आणि यासाठी नाशिकइतकं चांगलं गाव नाही. आपल्या गावाला वाइन कॅपिटल म्हणतात, द्राक्षांवर कितीतरी घरं चालतात. सूरह बकराच्या २१९व्या आयतमध्ये दारू आणि जुगाराबद्दल असं म्हटलेलंच नाही की त्यात फायदा शून्य आहे. म्हटलंय की लोकांसाठी काही फायदे आहेत पण गुनाह फायद्यापेक्षा मोठा आहे. पूर्ण मनाई नंतर सूरह माइदामध्ये आली. ही पद्धत उचला. २०२५ च्या बंदीआधी पैशांच्या रमी ॲपवर मजा यायची, कधी कधी पैसे पण यायचे, हे मान्य करा, नाही म्हणून स्वतःला फसवू नका, आणि मग दुसऱ्या पारड्यात काय काय जायचं ते टाका, झोप, पगार, घरातली भांडणं. दुसरे खलिफा हजरत उमर मिंबरवरून (मशिदीतल्या प्रवचनाच्या व्यासपीठावरून) म्हणाले होते की जे अकलेवर पडदा टाकतं ते खम्र (नशा), आणि रात्री दोन वाजता मोबाईल हातात घेऊन बसलेल्या पोराकडे बघून मला तेच आठवतं, भले त्याने थेंबसुद्धा घेतला नसेल.

वेळ मध्ये टाका. मोठा खर्च किंवा रागातला मेसेज, दोन नमाज मधे जाऊ द्या, जोहरला (दुपारच्या नमाजला) इच्छा झाली तर मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजनंतर) ठरवा, निम्म्या गोष्टी मधल्या अस्रपर्यंतच थंड होतात. तरीही इच्छा टिकली तर घरात मशवरा (सल्लामसलत) करा आणि इस्तिखारा करा, म्हणजे योग्य ते सुचावं म्हणून दोन रकात नमाज आणि दुआ. पण इस्तिखारा म्हणजे स्वप्नात हिरवा सिग्नल दिसायची वाट बघणं नाही, आणि जे सरळ हराम आहे त्यासाठी तर तो करतच नाहीत.

रोजाचं पण बोलू कारण नफ्सची खरी प्रॅक्टिस तिथेच होते. दिवसभर हलाल पाणीसुद्धा प्यायचं नाही, इच्छा आहे, समोर आहे, आणि तरी हात जात नाही. आणि मग संध्याकाळी दूध बाजाराकडे जाऊन दिवसभराची कसर एका तासात भरून काढायची, कबाब, मालपुवा, परत सरबत, की तरावीहला (रमजानच्या रात्रीच्या लांब नमाजला) उभं राहवत नाही. हदीसमध्ये पोटाचे तीन भाग सांगितलेत, एक जेवणाला, एक पाण्याला, एक श्वासाला. आपण श्वासाच्या भागात फालुदा भरतो.

रात्री झोपायच्या आधी हिशेब. गझाली म्हणतात व्यापारात भागीदारासोबत करतो तसं नफ्ससोबत करा, सकाळी अटी ठरवा, दिवसभर नजर ठेवा, रात्री जमाखर्च मांडा, आणि घोटाळा निघाला तर दंड लावा. दंड झेपेल एवढाच ठेवा, म्हणजे समजा त्या दिवसाच्या चहा-सिगरेटचे पैसे सदका (दान). हिशेब मांडताना जी टोचणी लागते तिला घाबरू नका, सूरह कियामामध्ये अल्लाहने त्याच टोचणाऱ्या नफ्सची, नफ्स-ए-लव्वामाची शपथ घेतलीय. तौबा करायची आणि उद्या परत अटी ठरवायच्या.

आणि ज्यांचा मोह खरेदीत नाही, साठवण्यात आहे (असे पण खूप आहेत, साधा शर्ट घालतात आणि प्लॉटवर प्लॉट), त्यांच्यासाठी जकात, म्हणजे साठलेल्या संपत्तीतून द्यायचं सक्तीचं दान. वर्षातून एकदा २.५ टक्के. आपल्याकडे हनफी पंथाच्या हिशेबात निसाब (ज्याच्यावर गेलं की जकात लागते ती मर्यादा) ५२.५ तोळे चांदी किंवा ७.५ तोळे सोनं धरतात, पण हा जुना तोळा आहे, सराफ बाजारातला आजचा १० ग्रॅमचा नाही, म्हणून ग्रॅममध्येच मोजा, चांदी साधारण ६१२ ग्रॅम, सोनं साधारण ८७.५ ग्रॅम. तारीख हिजरी कॅलेंडरवर पक्की करा, इंग्रजी तारीख धरली तर दर वर्षी दहा-अकरा दिवस उशीर होत जातो, आणि नफ्सला तेवढे दिवस पुरतात.