पाण्याखाली बडी हरवतो कसा? या चुका टाळा

पावसाळा संपला की मुंबईहून मालवण, कर्नाटकातल्या नेत्राणी, गोव्यातल्या ग्रँड आयलंडला स्कूबा डायव्हिंगला जाणाऱ्यांची गर्दी सुरू होते. छानच आहे, पण पाण्यात जोडीने उतरलेल्यांचं, म्हणजे एकमेकांच्या 'बडीं'चं, बोटीवर परत आल्यावर दर वेळी तेच भांडण, "अगं तू होतीस कुठे?" "मी तुझ्या मागेच होते!" आणि खरंच मागेच असते ती, तीच तर चूक आहे.

एकामागोमाग एक पोहणं ही सगळ्यात कॉमन चूक. मास्क लावला की बाजूचं आणि वरचं फारसं दिसतच नाही. त्यात बडी तुमच्या मागे नि थोडा वर असेल तर त्याला बघायला अख्खं अंग वळवावं लागतं, नवशिके ते करत नाहीत. कानांवरही भिस्त ठेवू नका. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो, त्यामुळे टँकवर ठोकलेलं ऐकू येतं पण ते डावीकडून की उजवीकडून ते कळत नाही. म्हणून शेजारी-शेजारी पोहा, खांद्याला खांदा, आणि कोण डावीकडे कोण उजवीकडे हे बोटीवरच ठरवा. मला दर तीन-चार श्वासांनी त्या बाजूला नजर टाकायची सवय आहे, समोर कासव आलं तरी. आणि वेग ठरवणार तो हळू पोहणाराच, ज्याला घाई आहे त्याने खुशाल पूलमध्ये लॅप्स मारावेत.

अंतराचंही तेच. मुंबईच्या पूलमध्ये या टोकाचं त्या टोकाला दिसतं, तिथे शिकलेल्यांना वाटतं समुद्रातही दिसेल. मालवणला पाणी गढूळ असलं की चार-पाच मीटरच्या पुढचं काही दिसत नाही, तिथे हात लांब केला की बडीला लागला पाहिजे. दादरच्या ब्रिजवर चुकामूक झाली तर फोन करता येतो, खाली काय करणार?

आता दुसरी चूक, जिच्यावरून माझं खरंच डोकं फिरतं. बडी हरवल्यावर खालीच शोधत बसणं. नियम सगळ्यांना शिकवलेला असतो, जास्तीत जास्त १ मिनिट शोधायचं आणि मग सावकाश वर यायचं, दोघांनीही. नेत्राणीच्या एका ट्रिपला ऑफिसातले दोघं मित्र-मैत्रीण होते, दोघांचाही कोर्स नुकताच झालेला. १५ मीटरवर त्याला खडकाच्या फटीत लायनफिश दिसला, तो कॅमेरा घेऊन थांबला, ती गाइडच्या मागे पुढे गेली. त्याने मान वर केली तर कुणी नाही. तिने बरोबर केलं, मिनिटभर बघितलं, गाइडला खूण केली आणि वर आली, बोटीने तिला उचललं. मी तेव्हा बोटीवर होते. हा मात्र खालीच. बोटवाले काका पाण्यावरचे बुडबुडे बघत होते, ग्रुपचे एका जागी भरपूर येत होते आणि खडकाच्या पलीकडे एकट्या माणसाचे, एक झुबका, मग मोकळं पाणी, मग पुन्हा एक झुबका, आणि करंटबरोबर लांब लांब चाललेले. ती ते बघत कठड्याला धरून उभी. तो वर आला तेव्हा टँकमधली हवा दाखवणाऱ्या गेजचा काटा लाल पट्ट्यात, ५० बारच्या बराच खाली, आणि बोट वळसा घालून न्यावी लागली. त्याचं पहिलं वाक्य, "मी हिलाच शोधत होतो."

काळजीपोटीच केलं त्याने, मान्य. पण १५ मीटरवर दाब पृष्ठभागाच्या अडीच पट असतो, म्हणजे हवाही अडीच पट वेगाने संपते, आणि घाबरलेला माणूस त्याहून भराभरा श्वास घेतो. एक वर आणि एक खाली असेल तर वरचा समजतो की खाली काहीतरी झालंय, आणि तो पुन्हा खाली उडी मारायला निघतो. ती निघालीच होती, आम्ही थांबवलं.

त्या मिनिटात एका जागी थांबून गोल फिरायचं, वर बघायचं, कारण माणसाच्या आधी बुडबुडे दिसतात. टॉर्च असेल तर गोल फिरवत ठेवा. वर येतानाही घाई नको, मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेग नको. अशा वेळी ५ मीटरवर ३ मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येण्याआधीचा थांबा, घ्यायचा की थेट वर यायचं हे ब्रीफिंगलाच विचारून घ्या, नाहीतर एक तिथे लटकलेला आणि दुसरा वर जीव मुठीत धरून.

बाकीच्या थोडक्यात. सगळ्यांचे सूट काळेच असतात, म्हणून बडीच्या पायातल्या फिन्सचा रंग उडी मारण्याआधी बघून ठेवा, पण लालवर विसंबू नका, खोलवर तो रंग आधी जातो. सगळं छान आहे म्हणून अंगठा वर करू नका, ती वर जायची खूण आहे, बडी खरंच वर निघून जातो. कॅमेरा काढण्याआधी बडीला खूण करा, तो थांबल्याशिवाय फोटो नाही. आणि बोटीवर ऐनवेळी जोडी लागली असेल तर त्याचा ऑक्टोपस (श्वासाची जादा नळी) कुठे अडकवलाय आणि कमरेची वजनं (वेट्स) कशी सुटतात ते हात लावून बघा, "हो हो, येतं सगळं" एवढ्यावर उडी मारायची नाही.