फुफ्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलंय? ॲडमिट व्हायच्या आधी एवढं करून ठेवा

छातीच्या ऑपरेशनच्या वॉर्डात मी बरीच वर्षं सिस्टर आहे, नातेवाईक पिशव्या भरभरून आणतात, डबे, चादरी, फळं, पण जी तयारी खरी उपयोगाला येते ती त्यांना कोणी सांगितलेलीच नसते, म्हणून लिहितेय.

बिडी-सिगारेट तारीख ठरल्या दिवसापासून बंद, निदान ४ आठवडे आधी तरी, आणि घरात दुसरं कोणी ओढत असेल तर त्याचीही. मग तीन बॉलवालं स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं साधन, आजच आणा. एक काका त्यात जीव खाऊन फुंकत होते, एक बॉल हलेना, डोळ्यात पाणी आलं त्यांच्या, म्हणाले माझं फुफ्फुसच गेलं. अहो ते फुंकायचं नसतं, स्ट्रॉने सरबत ओढतो तसा श्वास सावकाश आत ओढायचा, ६०० लिहिलेला बॉल वर आला की मग ९०० चा. हे घरीच शिका, कारण ऑपरेशननंतर बरगड्या इतक्या दुखतात की नवीन काही शिकणं होत नाही.

घरून एक छोटी घट्ट उशी आणा, खोकताना ती टाक्यांवर दाबून धरायची, याचीही सवय आधीच करा. आणि दुखणं अंगावर काढू नका, हे मी हात जोडून सांगते. पुरुष माणसं तर हमखास म्हणतात, सहन होतंय. दुखतं म्हणून खोकत नाहीत, खोकत नाहीत म्हणून कफ साचतो, आणि त्यातून न्यूमोनिया होतो. १० पैकी किती दुखतंय ते सिस्टरला सांगा, रात्री २ वाजता सुद्धा.

ऑपरेशननंतर छातीतली हवा-रक्त बाहेर यायला नळी घातलेली असते, तिची बाटली कायम छातीच्या खाली, उभी. एक्स-रेला नेताना ती स्ट्रेचरवर पेशंटच्या पायात आडवी टाकलेली मी बघितलीय, असं दिसलं तर तिथेच थांबवा, आमच्यातलं कोणी असलं तरी. श्वासाबरोबर नळीतलं पाणी वर-खाली होतं ते ठीकच, पण बुडबुडे अचानक वाढले तर लगेच हाक मारा, नळी स्वतः चिमटा लावून बंद करू नका.

शर्ट पुढून बटणांचे घ्या, हात वर जात नाही. बीपी-शुगरच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या कुठल्या, कधी थांबवायच्या, लिहून घ्या. फुफ्फुसाचा एक भाग काढणार की अख्खं, हे सर्जनना विचाराच, अख्खं काढलं तर कुठल्या कुशीवर झोपायचं ते त्यांनाच विचारून ठरवावं लागतं. परळला टाटाला बाहेरगावाहून येत असाल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आधी चौकशी करा.

घरी कमोड किंवा कमोडची खुर्ची. वॉर्डचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा आणि खाली लिहा: ताप, अचानक धाप, एका पोटरीला सूज, थुंकीत रक्त, जखमेतून पू, यातलं काहीही झालं की लगेच फोन, सकाळची वाट बघायची नाही.